गाणं तयार आहे, आता प्रसिद्धीसाठी मदत किती घ्यावी? नाशिकच्या स्वतंत्र कलाकारांसाठी

नाशिकमध्ये आज स्वतःचं गाणं रेकॉर्ड करणं अवघड राहिलेलं नाही. घरातल्या एका खोलीत आवाज नीट टिपता येतो, मिक्सिंग पुण्या-मुंबईच्या माणसाकडून ऑनलाइन होतं, वितरकाकडे (गाणं ॲपवर पोचवणाऱ्या कंपनीकडे) फाइल चढवली की काही दिवसांत गाणं सगळ्या ॲपवर दिसतं. घोडं अडतं ते पुढे. गाणं आलंय हे सांगायचं कुणाला, कुठल्या मार्गानं, आणि त्यासाठी पैसे मोजून माणूस नेमायचा की नाही? नेमके याच सुमारास इन्स्टाग्रामवर ‘प्रमोशन पॅकेज’चे मेसेज यायला लागतात आणि नवखा माणूस गांगरून जातो.

मी स्वतःची गाणी कधी एकट्यानं, कधी थोडी सुटी मदत घेऊन, तर कधी मुंबईच्या पब्लिसिस्टला, म्हणजे पैसे घेऊन प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या माणसाला, काम देऊन बाहेर आणली आहेत. ओळखीच्या बँडच्या रिलीजमध्येही हात लावला आहे. त्यातून माझं ठाम मत झालंय: मदत किती घ्यायची हे खिशाकडे बघून ठरवू नये. तुमच्याकडे सांगण्यासारखं काय आहे, आणि बातमी वाचून जो माणूस येईल त्याला दाखवायला काय तयार आहे, या दोन गोष्टी ते ठरवतात.

१. कुणाला कळायला हवं, ते आधी कागदावर लिहा

‘जास्तीत जास्त लोकांना’ हे उत्तर चालणार नाही. नेमका माणूस डोळ्यांसमोर आणा.

तुम्ही भावगीतं, अभंग, शास्त्रीय गाता आणि तुम्हाला दिवाळीत पहाटेचा कार्यक्रम मिळावा असं वाटतं, तर तुमचा माणूस म्हणजे आयोजक. पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेसारखे कार्यक्रम ठरवणारी, मंडळं चालवणारी, कालिदास कलामंदिरात मैफली लावणारी ही मंडळी आजही सकाळी चहाबरोबर स्थानिक आवृत्ती वाचतात. त्यांच्यासाठी ‘देशदूत’, ‘गावकरी’, किंवा ‘सकाळ’, ‘लोकमत’, ‘महाराष्ट्र टाइम्स’च्या नाशिक पानावरची चार इंचांची बातमी मोलाची असते. लाख व्ह्यूजची रील त्यांना दिसलेलीही नसेल.

तुम्ही रॅप करता, श्रोते अठरा ते पंचविशीतले आहेत, तर तीच बातमी आईवडिलांना दाखवायला आणि प्रायोजकाकडे न्यायला कामाची. श्रोता त्यातून येणार नाही. तो येईल रीलमधून, कॉलेजच्या गॅदरिंगमधून, मित्रानं पाठवलेल्या लिंकमधून.

तुम्हाला वाइनरी, कॅफे, हॉटेलातले कार्यक्रम हवे आहेत, तर तिथला मॅनेजर बातमी वाचत बसत नाही. त्याला तीन मिनिटांचा, कापाकापी न केलेला लाइव्ह व्हिडिओ हवा असतो. आणि मालिका-चित्रपटांच्या संगीतकारांपर्यंत पोचायचं असेल, तर प्रसिद्धीपेक्षा ओळख, पाठपुरावा आणि चांगला डेमो यांवर वेळ घालवलेला बरा.

यातला एकच हेतू निवडा. एका रिलीजमध्ये चारही साधायला गेलात, की पैसे चार ठिकाणी वाटले जातात आणि कुठेच काही उभं राहत नाही.

२. पाया तपासा

खालच्या गोष्टी तयार नसतील तर कुठल्याही पातळीची मदत घेऊ नका. पब्लिसिस्टचे पहिले दोन आठवडे यांचीच मागणी करण्यात जातात आणि त्याचं मीटर तेव्हाही चालूच असतं.

- कलाकार म्हणून एकच नाव, देवनागरीत आणि रोमन लिपीत एकाच स्पेलिंगनं, सगळीकडे तेच
- वितरकाकडून मिळालेला आयएसआरसी (प्रत्येक रेकॉर्डिंगचा बारा अक्षरांचा क्रमांक) आणि यूपीसी (अख्ख्या रिलीजचा क्रमांक)
- ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’वर ताब्यात घेतलेलं प्रोफाइल आणि यूट्यूब चॅनल
- गीतकार, संगीतकार, वादक, ध्वनिमुद्रक यांची अचूक श्रेयनामावली
- गीतकार आणि संगीतकाराची लेखी परवानगी, मग तो सख्खा मित्र का असेना
- दोन फोटो, एक आडवा, एक उभा, मूळ आकारात. फोटोग्राफरचं नाव सोबत
- ओळख: पन्नास शब्दांची एक, दीडशे शब्दांची एक, मराठीत आणि इंग्रजीत
- एक लाइव्ह व्हिडिओ
- सगळ्या ॲपकडे नेणारी एकच लिंक
- पॅन आणि बँक तपशील (रॉयल्टीसाठीही लागतात)

हक्कांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे अभंग गाणारे पुष्कळ आहेत आणि गोंधळ तिथेच होतो. निवृत्तिनाथांचे, तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत, त्यांना परवानगी लागत नाही. चाल मात्र कुणाची आहे ते बघावं लागतं. आपल्याकडे रचनेचा कॉपीराइट कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. म्हणजे आपण लहानपणापासून ‘पारंपरिक’ समजून गात आलेली चाल पुष्कळदा विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराची असते आणि तिचे हक्क शाबूत असतात. ती चाल वापरून रिलीज केलं, प्रसिद्धी केली, आणि ऐन भरात यूट्यूबवर क्लेम (हक्कदाराचा दावा) आला, तर पब्लिसिस्ट काहीही करू शकत नाही. गाणं जितकं गाजेल तितका क्लेम लवकर येतो. चाल स्वतः बांधा, नाहीतर परवानगी आधी घ्या.

गीत किंवा संगीत तुमचं असेल तर आयपीआरएसचं सभासदत्व प्रसिद्धीच्या आधी घ्या. गीतकार-संगीतकारांची ही संस्था १९६९ पासून आहे, आणि २०१२ च्या कायदादुरुस्तीनं त्यांचा रॉयल्टीचा हक्क पक्का केला. रेडिओवर गाणं वाजलं पण रचना नोंदलेलीच नाही, तर तो हिशोब तुमच्यापर्यंत पोचणार कसा?

वितरकाची एक बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही. काही वितरक वार्षिक वर्गणीवर चालतात. वर्गणी थांबली की गाणी ॲपवरून उतरू शकतात, आणि मग बातमीतली, मुलाखतीतली प्रत्येक लिंक मेलेली. प्रसिद्धीवर खर्च करण्याआधी ती अट वाचा.

३. बातमी आहे का, ते बघा

‘अमुक यांचं नवं गाणं प्रदर्शित’ ही तुमच्यासाठी मोठी घटना आहे. उपसंपादकाच्या टेबलावर मात्र तशा नोटा रोज येतात. त्याला धागा हवा असतो, आणि नाशिकमध्ये धाग्यांना तोटा नाही.

उदाहरण घ्या. समजा तुमचं गाणं रंगांचं आहे. बाहेरगावची एजन्सी ते डोळे झाकून धुळवडीला आणेल, कारण देशभर तेव्हाच रंग खेळतात. नाशिककर खेळतात रंगपंचमीला. जुन्या नाशकातल्या रहाडी (जमिनीतले जुने हौद) त्या दिवशी उघडतात, पाण्यात रंग कालवला जातो, पोरं धप्पा मारायला, म्हणजे त्यात उडी घ्यायला, रांगा लावतात. वार्ताहर त्या आठवड्यात रहाडींवर लिहिणारच असतात. गाण्याची चित्रफीत तिथली असेल, तर तुमची नोट त्यांच्या चालू बातमीत अलगद बसते. हे दिवसांचं अंतर बाहेरच्या माणसाला सुचणार नाही, तुम्हालाच सांगावं लागेल.

तसंच निवृत्तिनाथांच्या अभंगाचं. त्र्यंबकेश्वरी समाधी आहे, पौष वद्य एकादशीला यात्रा भरते, दिंड्या येतात. त्या आधीच्या आठवड्यात आलेला अभंग आणि जूनमध्ये आलेला अभंग यांना मिळणारी जागा वेगळी असते. ढोलपथकातल्या वादकांना घेऊन केलेली रचना, गोदाघाटावर सलग एका टेकमध्ये चित्रित केलेलं गाणं, पलुस्कर सभागृहात होणारी पहिली मैफल, या सगळ्या सांगण्यासारख्या गोष्टी आहेत. (विष्णू दिगंबर पलुस्करांनी आयुष्याची शेवटची वर्षं बरीचशी नाशकात काढली. शास्त्रीय गाणाऱ्यांनी हा वारसा विसरू नये, आणि फुकाचा मिरवूही नये.)

धागा सापडत नसेल तर तसं मान्य करा आणि पुढे सांगितलेल्या पहिल्या पातळीवर, म्हणजे सगळं स्वतः करण्यावर, थांबा. गाणं वाईट आहे असा याचा अर्थ होत नाही. ते लोकांना ऐकवायचं, बातमी करायची नाही, एवढंच.

४. चार पातळ्या, आणि तुमची कुठली

*पहिली: सगळं स्वतः*

पहिली दोन-तीन गाणी इथेच करावीत असं मी सगळ्यांना सांगतो, पैसे असले तरी. तुमच्या गाण्यावर कोण प्रतिसाद देतं, कुठली ओळ लोक परत पाठवतात, हे दुसऱ्याला काम दिल्यावर कळत नाही.

लागतं काय? रिलीजच्या आधीचा महिनाभर रोज तासभर, आणि एक साधी एक्सेल शीट. तिच्यात रकाने पाच: नाव, कुठे काम करतात, काय लिहितात किंवा वाजवतात, कधी संपर्क केला, काय उत्तर आलं. सांस्कृतिक कार्यक्रमांच्या बातम्या कोण करतं हे महिनाभर नाशिकची पानं वाचली की कळतं. बातमीवर नाव नसेल तर कार्यालयात फोन करून विचारा, सांगतात. शीटमध्ये ‘रेडिओ विश्वास’सारखं सामुदायिक रेडिओ केंद्र घ्या. तिथे स्थानिक माणसाला बोलू देणं हेच काम असतं. खासगी एफएमवर सिनेमाची गाणी भरलेली असतात, पण शहरातल्या माणसाची छोटी मुलाखत होऊ शकते, तेव्हा निवेदकाला गाणं वाजवा म्हणण्याऐवजी गप्पांचा विषय द्या. आकाशवाणीची श्रेणी (ऑडिशननंतर कलाकाराला मिळते ती) असेल तर ओळखीत पहिल्या दोन ओळींत लिहा.

*दुसरी: सुटी कामं बाहेर द्या*

प्रेस नोट एकाकडून, फोटो दुसऱ्याकडून, रील कापायला तिसरा, इन्स्टाग्रामची जाहिरात लावायला चौथा. प्रत्येकाला कामापुरते पैसे. संपर्क तुमचे, पाठपुरावा तुमचा.

नाशिकच्या बहुतेक कलाकारांना हीच पातळी पुरते, असं माझं मत आहे. शहर असं आहे की दोन ओळखींत कुठल्याही वार्ताहरापर्यंत पोचता येतं, त्यासाठी मध्यस्थ लागत नाही. लागतं ते कसब. तुम्हाला लिहिता येत नसेल तर लिहिणारा घ्या, कॅमेऱ्यापुढे अवघडत असाल तर चांगला फोटोग्राफर घ्या. जे जमतं त्यावर खर्च करू नका. एखाद्या अनुभवी पब्लिसिस्टचा तासभराचा सल्लाही विकत मिळतो. नोट, फोटो, तारखा सगळं समोर ठेवून विचारलेला तो तास मला अनेक पॅकेजांपेक्षा जास्त उपयोगी वाटतो.

जाहिरातीबद्दल: पोस्ट नुसती ‘बूस्ट’ करू नका. ‘ॲड्स मॅनेजर’ या जाहिरातीच्या साधनातून ठिकाण नाशिक आणि आसपास, वय, भाषा असं निवडून आधी छोटी रक्कम लावा. दोन वेगळे तुकडे चालवून बघा, आणि ज्यावर लोक गाण्यापर्यंत जातात त्यावरच उरलेली रक्कम लावा.

*तिसरी: एका रिलीजपुरता पब्लिसिस्ट*

साधारण सहा ते आठ आठवड्यांचं काम. याच्याकडे मुंबई-पुण्याच्या, इंग्रजी माध्यमांतल्या, संगीतावर लिहिणाऱ्या लोकांच्या ओळखी असतात, आणि त्या ओळखींच्या विश्वासाचे तुम्ही पैसे देता. ‘रोलिंग स्टोन इंडिया’सारख्या ठिकाणी स्वतः मेल करता येतो, पण विश्वासातल्या माणसाचा मेल आधी उघडला जातो.

ही पातळी कधी घ्यावी? तीन गोष्टी एकत्र असतील तेव्हा. एक, सुट्या गाण्याऐवजी अल्बम किंवा चार-पाच गाण्यांचा संच आहे. दोन, नाशिकबाहेर प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या तारखा ठरल्या आहेत, म्हणजे वाचणाऱ्याला येण्यासारखं काही आहे. तीन, रिलीजला किमान दोन महिने बाकी आहेत. तिन्हींपैकी दोनच असतील तर दुसऱ्या पातळीवर राहा. गाणं आल्यावर पब्लिसिस्ट शोधू नका, संगीत लिहिणाऱ्यांना ते आधी ऐकायचं असतं.

मुलाखतींसाठी मुंबईला जावं लागेल, तयारी ठेवा. पंचवटी एक्स्प्रेसनं सकाळी जाऊन संध्याकाळच्या त्याच गाडीनं परत येता येतं, पण मग दोन-तीन भेटी एकाच दिवशी लावून द्यायला पब्लिसिस्टला आधीच सांगा.

*चौथी: दरमहा एजन्सी*

वर्षभर काही ना काही घडत असणाऱ्या कलाकारासाठी: अल्बम, दौरा, ब्रँडचं काम, पुन्हा गाणं. एजन्सी सहसा काही महिन्यांची बांधिलकी मागते. महिनाभर तुमच्याकडे सांगण्यासारखं काही नसेल तरी बिल येतंच, त्यावर १८ टक्के जीएसटी. आणखी एक, पहिल्या भेटीला मालक येतात, नंतर रोजचं काम नव्यानं लागलेल्या मुलामुलीकडे जातं. त्यात गैर काही नाही, पण तुमचं काम रोज कोण बघणार त्यालाच भेटून मग ठरवा. नाशिकमधल्या ज्या कलाकारांना ही पातळी खरोखर लागते ते फार थोडे आहेत.

लेबल किंवा वितरकाची ‘मार्केटिंग मदत’ या चारींपेक्षा वेगळी. तिथे पैशांऐवजी उत्पन्नातला हिस्सा आणि कधी रेकॉर्डिंगचे हक्क जातात. तो करार प्रसिद्धीच्या गडबडीत सही करू नका, वकिलाला दाखवा.

५. प्रेस नोट: कुठलीही पातळी घ्या, ही शिकून घ्याच

पब्लिसिस्ट लिहून देईल तरी तपासायची तुम्हालाच आहे. अशी नोट परत परत बघतो:

‘संगीत क्षेत्रात आपल्या सुरेल आवाजानं रसिकांच्या मनावर अधिराज्य गाजवणाऱ्या अमुक यांचं बहुप्रतीक्षित गाणं लवकरच रसिकांच्या भेटीला येत असून…’

यात कोण, काय, कधी, कुठे यातलं काहीच नाही. उपसंपादकाला ती पुन्हा लिहावी लागते आणि वेळ नसेल तर ती बाजूला पडते. त्याऐवजी:

‘नाशिक : जुन्या नाशकातील रहाडींवर चित्रित झालेले ‘…’ हे गाणे रंगपंचमीच्या आदल्या दिवशी सर्व ॲपवर येत आहे. पंचवटीतील गायक अमुक यांनी ते लिहिले व संगीतबद्ध केले असून, त्यात ढोलपथकातील बारा वादकांचा सहभाग आहे.’

दोन वाक्यांत बातमी झाली. पुढे कलाकाराचं एक बोलणं अवतरणात, एक परिच्छेद पार्श्वभूमी, श्रेयनामावली, संपर्क क्रमांक. एवढं एका पानात बसवा. स्वतःबद्दलची विशेषणं काढा, ती लिहायची असतील तर वार्ताहर लिहील.

पाठवताना तांत्रिक काळजी घ्या, कारण चांगल्या नोटा इथे मरतात. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा कचरा होतो. नोट मेलच्या अंगातच टाका, नुसती पीडीएफ जोडू नका, त्यातून मराठी मजकूर नीट कॉपी होत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जाऊन छपाईत फुटतो. फोटोत डावीकडून उजवीकडे कोण आहे ते लिहा, आणि फाइलला नाव द्या. ‘आयएमजी ४०३२’ नावाचा फोटो गर्दीत पुन्हा सापडत नाही.

फोन दुपारनंतर पानं लागायच्या घाईत करू नका. नोट पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी एकदा विचारा. आली नाही तर वाद घालू नका, त्याच माणसाकडे पुढच्या गाण्याला जायचंय.

६. तारखा उलट मोजा

रिलीजची तारीख मधोमध ठेवून मागे या.

- आठ आठवडे आधी: तिसऱ्या-चौथ्या पातळीची मदत घ्यायची तर आत्ता ठरवा
- चार आठवडे आधी: गाणं वितरकाकडे चढवा, श्रेयनामावलीसकट
- तीन आठवडे आधी: ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’मधून संपादकांकडे गाणं सुचवा. हे फक्त न आलेल्या गाण्यासाठी करता येतं. किमान सात दिवस आधी केलं तर तुमच्या फॉलोअर्सच्या ‘रिलीज रडार’मध्ये (नव्या गाण्यांच्या प्लेलिस्टमध्ये) ते गाणं जातं. फुकट आहे, आणि यासाठी कुणालाही पैसे द्यायची गरज नाही
- दोन आठवडे आधी: पुरवण्या, मुलाखती, रेडिओ
- दोन-तीन दिवस आधी: स्थानिक पानांना नोट; मैफल असेल तर ‘आजचे कार्यक्रम’साठी वेगळी छोटी नोट
- नंतरचे तीन आठवडे: लाइव्ह व्हिडिओ, गाण्यामागची गोष्ट, श्रोत्यांनी केलेले व्हिडिओचे तुकडे

शेवटचा टप्पा बहुतेक जण सोडतात, दमलेले असतात म्हणून. माझ्या मते सगळी प्रसिद्धी पहिल्या दिवशी उधळण्यापेक्षा निम्मी ताकद या तीन आठवड्यांसाठी राखावी.

गणेशोत्सव आणि निवडणुकीच्या काळात स्थानिक पानं भरलेली असतात, धागा त्याच विषयाचा नसेल तर टाळा. २०२७ च्या सिंहस्थाचंही आत्तापासून ध्यानात घ्या. पर्वणीच्या दिवसांत शहरातली वाहतूक, सभागृहं, पोलीस परवानग्या आणि वार्ताहरांचा वेळ, सगळं तिकडे वळलेलं असेल. भक्तिसंगीत करणाऱ्यांना संधी आहे, पण त्यांनी काही महिने आधी यावं. बाकीच्यांनी पर्वण्यांपासून लांबची तारीख धरावी.

७. माणूस निवडताना काय विचाराल

- मराठी गाण्याचं किंवा आमच्या प्रकारच्या संगीताचं काम केलंय का? तीन कात्रणं दाखवा. (त्यावर वार्ताहराचं नाव आहे की नुसती प्रायोजित बातमी, ते बघा.)
- आमच्या गाण्यासाठी कुणाकुणाशी बोलाल? यादी लेखी द्याल का?
- नाशिकच्या माध्यमांत ओळख आहे का? नसेल तर ते आम्ही करू, पैसे त्या हिशोबानं कमी करा.
- दर आठवड्याला काय कळवाल? कुणाला पाठवलं, काय उत्तर आलं, नकार कुठून आला, हे सगळं हवं.
- रकमेत जीएसटी, फोटो, प्रवास, जाहिरातीचे पैसे धरलेत का?
- मध्येच थांबायचं झालं तर?

चांगला पब्लिसिस्ट ‘हे छापून येईलच’ असं कधी म्हणत नाही. तो प्रयत्नांची खात्री देतो. आणि तुमचं गाणं ऐकून तो कधी कधी ‘आत्ता मला घेऊ नका’ असंही सांगतो, त्या माणसाचा नंबर जपून ठेवा.

ठरलं की दोन पानांचा करार करा: काम काय, किती आठवडे, पैसे कुठल्या टप्प्यांत, अहवाल कधी. सगळी रक्कम आगाऊ देऊ नका.

पासवर्ड कुणालाच नको. ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’वर टीममध्ये माणूस जोडता येतो आणि त्याला किती अधिकार द्यायचे ते ठरवता येतं. यूट्यूबवरही व्यवस्थापक, संपादक अशा परवानग्या आहेत. मालकी तुमच्या स्वतःच्या मेलवर ठेवा, बँडच्या एखाद्या सभासदाच्या मित्राच्या मेलवर नको.

८. सापळे

*प्लेलिस्टची हमी.* ‘इतक्या हजार स्ट्रीम, अमुक प्लेलिस्ट, इतके रुपये.’ पैसे घेऊन प्लेलिस्टमध्ये जागेची हमी देणं स्पॉटिफायच्या नियमांत बसत नाही. तिथे बहुतेकदा माणसं नाही, बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) ऐकत असतात. २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत १,००० स्ट्रीम न झालेल्या गाण्याला स्पॉटिफायवर रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही, त्यामुळे ‘तेवढे हजार भरून देतो’ असं सांगणारेही निघाले आहेत. बनावट स्ट्रीम पकडले गेले तर वितरकाला दंड लागतो, तो तुमच्याकडून वसूल होऊ शकतो, गाणं उतरवलंही जातं. शिवाय ॲपला तुमचा खरा श्रोता कोण ते कळेनासं होतं, आणि ते नुकसान लवकर भरून येत नाही.

*‘तीस पोर्टलवर बातमी.’* तुमची नोट जशीच्या तशी, कुणीही न वाचणाऱ्या पानांवर चिकटवली जाते. शीर्षक गूगलवर टाकून बघा, सगळीकडे तेच शब्द दिसतील. आयोजकाला याचं काडीचं कौतुक नसतं.

*पैसे घेऊन केलेली रील, पण तसं न सांगता.* जाहिरात मानक परिषदेच्या म्हणजे एएससीआयच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पैसे घेऊन केलेल्या पोस्टवर तसं लेबल हवं. इन्फ्लुएन्सर ते टाळायला सांगत असेल तर दुसरा बघा.

*ओळखीतल्या काकांचा ‘फुकट’ प्रचार.* मदत मनापासून असते. पण कुणी, कुणाला, कधी पाठवलं याची नोंद राहत नाही, आणि एकाच वार्ताहराला तीन बाजूंनी तीच नोट जाते. काकांना शीटमधली चार नावं वाटून द्या, बाकीची तुम्ही घ्या.

९. मोहीम संपल्यावर

आकड्यांकडे बघण्याआधी पहिल्या पायरीवर लिहिलेला माणूस आठवा. आयोजक हवे होते तर किती आयोजकांचे फोन आले ते मोजा. श्रोते हवे होते तर किती जणांनी गाणं जतन केलं, किती जण पुन्हा आले ते बघा. व्ह्यूजचा एकटा आकडा यातलं काही सांगत नाही.

पब्लिसिस्टकडून ज्यांच्याशी तुमच्या वतीनं बोलणं झालं त्यांची यादी मागून घ्या आणि तुमच्या शीटमध्ये घाला. ज्यांनी छापलं, वाजवलं, त्यांना स्वतः फोन करून आभार माना, हे काम एजन्सीवर सोडू नका. ई-पेपरची लिंक काही दिवसांनी बंद होते किंवा पैसे मागते, म्हणून कात्रण त्याच दिवशी उतरवून घ्या, वर वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख दिसेल असं. छापील अंक दोन विकत घ्या.

नंतर सगळ्या खात्यांवरच्या दिलेल्या परवानग्या काढून टाका. पुढचं गाणं एकच असेल, नाशिकपुरतं असेल, तर तिसऱ्या पातळीवरून पुन्हा दुसरीवर या. संपर्क आता तुमच्या शीटमध्ये आहेत, आणि वाचलेल्या पैशांत पुढच्या गाण्याला खरा तबलजी बोलावता येईल.